साडेबावन्न तोळे चांदी

डिसेंबरातल्या एका दुपारी नागपूरच्या कोराडी रोडवरच्या शेतात आम्हा निवृत्त बँकवाल्यांचा रोडग्यांचा कार्यक्रम होता. गोवऱ्यांच्या आरात भाजलेले रोडगे, वर तुपाची धार, झणझणीत वांग्याची भाजी आणि बाभळीखाली अंथरलेल्या सतरंज्या. जेवणं झाली, सुपारी फिरली आणि बोलता बोलता गाडी राजकारणावर गेली. तिथून ती धर्मावर जायला आजकाल वेळ लागत नाही. एक जुने सहकारी माझ्याकडे वळून म्हणाले, “मॅडम, तुमी तर मोमिनपुऱ्याजवळच्या शाखेत अर्धी नोकरी काढली. तुमीच सांगा, इस्लाम हे अध्यात्म आहे का राजकारण? एका शब्दात सांगा बरं.” मी म्हणाले, “दोन्ही.” त्यावर एक जण मांडीवर थाप मारून म्हणाला, “पहा, मी म्हनलोच होतो, राजकारण आहे!” आणि पलीकडच्या ताई तितक्याच समाधानानं म्हणाल्या, “म्हणजे मुळात अध्यात्मच की.” विषय संपला, चहा आला. माझं उत्तर दोघांनाही आवडलं, आणि नेमकं तेच मला खुपत राहिलं. दोन विरुद्ध बाजूंना एकाच वेळी पटणारं उत्तर बहुधा उत्तर नसतंच. घरी आल्यावर, रात्री भांडी आवरताना, दुसऱ्या दिवशी भाजी निवडताना, तो प्रश्न पुन्हा पुन्हा वर येत राहिला. आणि दर वेळी त्याच्यासोबत माझ्या डोळ्यांपुढे कुराण येत नव्हतं, की एखादा बादशहाही. येत होता माझ्या काउंटरवरचा एक चुरगळलेला कागद.

तो कागद असायचा एका चाचांचा. उमेदीच्या काळात त्यांच्या घरी हातमाग होते, नागपुरी लुगडी विणली जायची. माग बंद पडले तसे ते शिलाईच्या दुकानात बसू लागले. रमजान लागला की पहिल्या आठवड्यातच सकाळी गर्दी व्हायच्या आत ते शाखेत यायचे. ओठ सुकलेले, आवाज खोल गेलेला, अंगाला अत्तराचा आणि मशीनच्या तेलाचा मिसळलेला वास. “मॅडम, चांदी का आज का भाव क्या है?” आमच्याकडे सोनं तारण कर्ज असल्यामुळे सोन्याचा दर असायचा, पण चांदीसाठी मी इतवारीच्या सराफ्यात फोन लावायची. मग ते जुन्या कॅलेंडरचं फाडलेलं पान पुढे करायचे. मागच्या कोऱ्या बाजूला उर्दूत मांडलेला हिशोब. हातातली रोख इतकी, खात्यात इतकी, चाचीच्या अंगावरचं सोनं-चांदी इतकं, दुकानातला माल इतका. त्यातून देणी वजा. पुतण्याला दिलेले उसने पैसे धरायचे की नाही यावर त्यांचा दर वर्षी जीव अडायचा, कारण ते परत येतील असं त्यांना वाटत नव्हतं. मौलानांनी सांगितलं होतं, हाती येतील तेव्हा धरा. तरी ती ओळ ते दर वर्षी लिहायचे आणि दर वर्षी खोडायचे.

हा हिशोब जकातीचा, म्हणजे मुसलमानानं दर वर्षी शिल्लकीतून गरजवंतांसाठी काढायच्या धार्मिक दानाचा. जकातीचा नियम साधा आहे. साडेसात तोळे सोनं किंवा साडेबावन्न तोळे चांदी, किंवा तेवढ्या मोलाची शिल्लक चांद्र वर्षभर तुमच्याजवळ राहिली, तर तिचा चाळिसावा हिस्सा, म्हणजे शेकडा अडीच, गरजवंतांचा झाला. कुणाला द्यायचा याचे आठ वर्ग कुराणातच सांगितले आहेत. पण साध्या नियमातही पाचर असते. जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा, त्यानं मोजलं तर साडेबावन्न तोळे म्हणजे साधारण ६१२ ग्रॅम. आजचा सराफ मात्र १० ग्रॅमला तोळा म्हणतो, त्यानं ५२५ ग्रॅम. चाचांची पुंजी या दोन आकड्यांच्या आसपासच घुटमळायची. एका वर्षी ती ५२५ च्या वर आणि ६१२ च्या खाली भरली. मी म्हणाले, चाचा, जुना तोळाच खरा असं तुम्हीच सांगता ना, मग या वर्षी तुमच्यावर काही बसत नाही. कोण बघायला येतंय? ते कागदाची घडी घालत म्हणाले, “देखने वाला तो है ना, मॅडम.” आणि पैसे काढायची स्लिप भरायला लागले.

मग व्याजाचा विषय निघायचा. व्याज हराम, म्हणून आमच्याकडची काही मंडळी बचत खातं उघडायचीच नाहीत. चालू खात्यावर व्याज मिळत नाही म्हणून तेच मागायची. चाचांचं बचत खातं होतं. त्यात जमा झालेलं व्याज ते वेगळं काढायला लावायचे, दुसऱ्या स्लिपवर. ते जकातीत धरायचं नाही, घरात न्यायचं नाही, आणि एखाद्या नडलेल्याला देताना त्याचं पुण्य मिळेल अशी आशाही धरायची नाही. आपलं नसलेलं आपण फक्त हातावेगळं करतोय, एवढाच भाव. माझ्या टेबलावर दोन स्लिपा पडायच्या, एक लहान, एक त्याहून लहान. लहान नोटा मागून घ्यायचे, कारण वाटायला सोप्या जातात.

हे अध्यात्म की राजकारण?

नमाज आपण अध्यात्मात टाकून मोकळे होऊ. पण जकात ही उपासना आहे आणि त्याच वेळी समाजातल्या पैशाची व्यवस्थाही आहे. देवासमोर हात जोडावेत तितक्याच निष्ठेनं माणूस वजाबाकी करतो. आणि जिथे पैसा आणि गरजू आले तिथे वसूल कोण करणार, वाटणार कोण, न देणाऱ्याचं काय करणार, हे प्रश्न येतातच. ते इस्लामच्या अगदी पहाटेच आले. ६३२ मध्ये प्रेषित मुहंमद गेले आणि काही अरब टोळ्यांनी मदिनेला जकात देणं बंद केलं. नमाज पढू, पण जकात पाठवणार नाही, असं त्यांच्यातल्या काहींचं म्हणणं होतं. पहिले खलिफा अबू बक्र त्यांच्याविरुद्ध लढले. म्हणजे चाचांच्या त्या कागदाचा एक पूर्वज रणांगणावरही सापडतो, हे मला मान्य करावंच लागतं. इस्लामचा सत्तेशी काही संबंध नाही, असं जेव्हा कुणी प्रेमापोटी म्हणतं तेव्हा म्हणूनच मला ते पटत नाही. मक्केत जवळपास १३ वर्षं प्रेषितांच्या हाती काहीच नव्हतं. छळ, बहिष्कार आणि एका ईश्वराची हाक. ६२२ मध्ये ते मदिनेला गेले आणि तिथल्या १० वर्षांत ते न्यायनिवाडा करणारे, करार करणारे, लढाया लढणारे झाले. बुद्धांनी राज्य सोडलं, येशू राज्याच्या हातून मारला गेला, इथे मात्र धर्माचा संस्थापकच एका समाजाचा प्रमुख झाला. हा फरक खरा आहे.

पण त्या फरकाचं पुढे काय करायचं, हे मुसलमानांनी एकमतानं कधी ठरवलं? प्रेषितांच्या पश्चात नेता कोण, इथपासून वाद. ६८० मध्ये करबलाची लढाई, आणि तिथे प्रेषितांच्या नातवाला, हुसैन यांना, मारणारेही मुसलमान सत्तेचेच सैनिक. सत्ता म्हणजेच धर्म असं असतं तर हुसैन यांचा शोक चौदाशे वर्षं कुणी केला नसता. विसाव्या शतकात इजिप्तचे अली अब्दुल रझिक, स्वतः कैरोच्या अल-अझहर या इस्लामी विद्यापीठाचे विद्वान आणि शरिया न्यायालयातले काझी, यांनी १९२५ मध्ये मांडलं की प्रेषितांचं काम संदेश देण्याचं होतं, राज्य उभारण्याचं नव्हे, आणि खिलाफत, म्हणजे खलिफाची सत्ता, हा काही धर्माचा भाग नाही. अल-अझहरनं त्यांना बाहेर काढलं. सुदानचे महमूद मुहंमद ताहा म्हणत की मक्केतला संदेश सार्वकालिक, मदिनेतले कायदे त्या काळापुरते. १९८५ च्या जानेवारीत तिथल्या राजवटीनं त्यांना फाशी दिलं. वय सत्तरीच्या पुढचं. उलट बाजूला अबुल आला मौदुदी. जन्म आपल्या औरंगाबादचा, १९०३ चा. १९४१ मध्ये त्यांनी जमात-ए-इस्लामी स्थापन केली आणि ईश्वराचं सार्वभौमत्व मानणारं राज्य नसेल तर इस्लाम अपुरा, असा विचार जगभर नेला. एकाच ग्रंथावर श्रद्धा ठेवणारी ही माणसं.

आणि आपण एका शब्दात उत्तर मागतो.

मौदुदींच्या विचाराचं व्यवहारात काय होतं, हे मला बँकेतली बाई म्हणून पाकिस्तानच्या एका गोष्टीतून सर्वांत नीट कळलं. १९८० मध्ये जनरल झिया-उल-हक यांनी वटहुकूम काढला की रमजानच्या पहिल्या दिवशी बँकांनी बचत खात्यांतून अडीच टक्के जकात परस्पर कापून सरकारजमा करावी. शिया समाजानं इस्लामाबादेत प्रचंड निदर्शनं केली, कारण त्यांच्या फिक्हनुसार, म्हणजे धर्मशास्त्रानुसार, जकात सरकारनं अशी वळती करून घ्यायचीच नसते. सरकारला त्यांना सूट द्यावी लागली. आणि इतर लोक? रमजान लागायच्या आधी खात्यातून पैसे काढून घ्यायची तिथे रीतच पडली. मी कल्पना करते त्या शाखांमधल्या काउंटरची. रमजानच्या तोंडावर रांग लागलेली, आमच्याकडे लागायची तशीच. आमच्याकडची माणसं आपल्यावर किती निघतं ते बघायला आलेली असायची आणि तिथली बरीचशी सरकारच्या हाताला पैसे लागू नयेत म्हणून. तीच श्रद्धा, तोच अडीच टक्का. मधे सरकार आलं आणि भाव बदलला. नागपुरात चाचांना नोटीस पाठवणारं कुणी नव्हतं, म्हणून तर त्यांना ५२५ आणि ६१२ मधला फरक स्वतःच्या अंगावर घेता आला. सक्ती असती तर तो फरक वकिलानं लढवला असता.

आमच्या या शहराकडेच पाहिलं तरी मला दोन्ही टोकं दिसतात. नागपूर वसवलं ते देवगडच्या गोंड राजानं, बख्त बुलंद शाहनं, १७०२ च्या सुमारास, बारा वाड्यांची मोट बांधून. गादीच्या भांडणात तो औरंगजेबाकडे मदत मागायला गेला, इस्लाम स्वीकारला आणि राज्य मिळवून परतला. पुढे त्यानं त्याच औरंगजेबाच्या मुलखावर चढाया केल्या. त्याच्या धर्मांतराला मी तरी अध्यात्म म्हणणार नाही. तो राज्याचा सौदा होता. पण त्या सौद्यातून आलेल्या माणसानं शेतकरी आणले, कारागीर आणले, सर्व जातीधर्मांचे लोक आणून बाजार वसवला, आणि आज आपण सगळे त्याच्याच गावात राहतो.

दुसरं टोक उमरेड रोडवर, ताजबागेतल्या दर्ग्यात. ताजुद्दीन बाबा १८६१ साली कामठीत जन्मले, पलटणीत शिपाई होते, नोकरी सोडली, विरक्त झाले. १८९२ मध्ये लोकांनी त्यांना वेडा ठरवून नागपूरच्या पागलखान्यात टाकलं. तिथेही माणसं दर्शनाला जात राहिली. १९०८ मध्ये राजे रघुजीराव भोसल्यांनी हमी देऊन त्यांना बाहेर काढलं आणि शक्करदऱ्याच्या वाड्यात आणून ठेवलं. म्हणजे मराठा राजा हात जोडून उभा आणि समोर एक मुसलमान फकीर, ज्याला ना राज्य हवं ना खिलाफत. लहानपणी आजी मला ताजबागेत न्यायची. मंगळवारी गणपती, शनिवारी मारुती आणि मनात काही अडलं की ताजबाग, असा तिचा सरळ कारभार होता. लोबानाचा धूर डोळ्यांत जायचा, गुलाबाच्या पाकळ्या पायाला चिकटायच्या, आणि आजी जाळीला कपाळ टेकून कुजबुजत्या मराठीत बाबांना घरच्या तक्रारी सांगायची.

बाबा हयात असताना, १९२० च्या डिसेंबरात, याच नागपुरात काँग्रेसचं अधिवेशन भरलं. आजचं काँग्रेसनगर त्याच जागी आहे. खिलाफतीचा, म्हणजे तुर्कस्तानच्या खलिफाची गादी टिकवण्याचा, प्रश्न आणि स्वराज्य एका दाव्याला बांधून असहकाराचा ठराव तिथे मंजूर झाला. विरोधाला उभे राहिले बॅरिस्टर जिना. सनदशीर मार्ग सोडू नका, हा त्यांचा मुख्य आक्षेप होता, आणि राजकारणात धर्म मिसळणंही त्यांना मान्य नव्हतं. ते ‘मिस्टर गांधी’ म्हणाले तेव्हा मंडपातून ‘महात्मा म्हणा’ असा गलका झाला, आणि खिलाफतीचे नेते मुहंमद अली यांना त्यांनी मौलाना म्हणावं म्हणूनही ओरडा झाला. त्यांनी म्हटलं नाही, आणि थोड्याच काळात काँग्रेसही सोडली. वीस वर्षांनी याच माणसानं धर्माच्या नावावर वेगळ्या राष्ट्राची मागणी केली. त्याच वेळी देवबंदच्या मदरशाचे मौलाना हुसैन अहमद मदनी, आयुष्य हदीस, म्हणजे प्रेषितांची वचनं, शिकवण्यात गेलेले, दाढी-पगडीतले धर्मपंडित, फाळणीला विरोध करत हिंदू-मुसलमान मिळून एक राष्ट्र होऊ शकतं म्हणून सांगत फिरत होते. धार्मिक माणूस एकत्र राहायचं म्हणतो, कोटवाला बॅरिस्टर धर्माच्या पायावर देश मागतो. कोण अध्यात्मात घालायचा आणि कोण राजकारणात?

मला आणखी एक वाटतं आणि ते इथे, नागपुरात राहणाऱ्यानंच म्हणायला हवं. दीक्षाभूमीला आपण हा प्रश्न विचारत नाही. १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी लाखोंना सोबत घेऊन धम्म स्वीकारला. ते राजकीय कृत्य नव्हतं असं कोण म्हणेल? हजारो वर्षांच्या सत्तेला तो नकार होता. आणि ते आध्यात्मिक नव्हतं असं तरी कोण म्हणेल? विजयादशमीला पांढऱ्या साड्या नेसून खेड्यापाड्यांतून येणाऱ्या बाया रांगेत तासन् तास उभ्या राहतात, त्यांच्या चेहऱ्याकडे बघावं. तिथे दोन्ही एकजीव आहे आणि ते आपल्याला समजतं. मुसलमानाच्या बाबतीत मात्र ‘दोन्ही’ म्हटलं की एकाला पुरावा सापडतो आणि दुसऱ्याला सबब.

यातला सबबीचा भाग मला सोडून द्यायचा नाही. धर्म जेव्हा कायदा होऊन घरात शिरतो तेव्हा त्याची झळ आधी बाईला लागते, हे मी काउंटरवरून पाहिलंय. तोंडी तलाक झालेली एक मुलगी दोन लेकरांना घेऊन मेहरची, म्हणजे निकाहात ठरलेली नवऱ्यानं द्यायची, रक्कम भरायला आली होती. ती इतकी थोडी होती की पावती देताना माझा हात जड झाला. समाजसुधारक हमीद दलवाईंनी १८ एप्रिल १९६६ ला मुंबईत सात मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा विधानभवनावर नेला तो याच दुखण्यासाठी. फक्त सात जणी. त्या सातांचं धैर्य मला लाखांच्या सभेपेक्षा मोठं वाटतं. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तीन तलाक रद्द ठरवला तेव्हा मला दलवाईंची आठवण आली. पण त्याच काउंटरवर मी वारसांचे कागदही तपासले. कुराणात मुलीला वाटा आहे, मुलाच्या निम्मा का होईना, आहे. आपल्याकडे, म्हणजे हिंदू कायद्यात, महाराष्ट्रात १९९४ पासून आणि देशभर २००५ पासून लेकीला वडिलोपार्जित मिळकतीत बरोबरीचा हक्क आहे. आणि मोमिनपुऱ्यातली मुसलमान बहीण काय किंवा महालातली हिंदू बहीण काय, दोघी भावासाठी हक्कसोडपत्रावर सही करताना मी पाहिल्या. दोघींच्या डोळ्यांत तेच. माहेर तुटू नये.

२०२५ च्या मार्चमध्ये नागपूरच्या महाल, हंसापुरी भागात दंगल पेटली, संचारबंदी लागली. निमित्त खुलताबादच्या औरंगजेबाच्या कबरीचं. तेव्हाही रमजानच चालू होता. गाड्या जळाल्या, माणसं जखमी झाली आणि ज्या गल्ल्यांत मी वर्षानुवर्षं चालत गेले त्या टीव्हीवर पाहाव्या लागल्या. संभाजी महाराजांचे हाल आठवले की औरंगजेबासाठी माझ्या मनात कणव उरत नाही, उरूही नये. पण त्याची कबर मी पाहिली आहे. सूफी संत जैनुद्दीन शिराझी यांच्या दर्ग्याच्या आवारात, उघड्या आभाळाखाली, साधीशी. आयुष्यभर धर्माच्या नावानं राज्य केलेल्या बादशहानं शेवटी जागा मागितली ती एका फकिराच्या पायाशी. हिंदुस्थानभर किल्ले होते त्याच्याकडे. तिथे उभं राहून मला राग आला होता आणि त्या रागात कसलंसं नवलही मिसळलं होतं, आणि आजही ते दोन्ही मला वेगळं करता येत नाही.

तर तो प्रश्न. इस्लाममध्ये राजकारणाचं बीज मदिनेपासून आहे, ते नाकारून काही साधत नाही. पण ते बीज कुठे पेरायचं, पेरायचं की नाही, हे दर पिढीतल्या जिवंत माणसांनी ठरवलंय, आणि चुकीचं ठरलं तेव्हा त्याची किंमत आधी मुसलमानांनीच मोजली आहे. १९७४ मध्ये पाकिस्तानच्या संसदेनं घटनादुरुस्ती करून अहमदिया पंथाचे लोक मुसलमान नाहीत असं ठरवलं. मतदानानं! नमाज तीच, कुराण तेच, आणि श्रद्धा आहे की नाही ते खासदारांनी हात वर करून सांगायचं. सत्ता धर्माच्या घरात शिरली की ती हेच करते, आणि आपल्याही देशात तिनं घरात शिरावं असं ज्यांना वाटतं, मग धर्म कोणताही असो, त्यांनी हा इतिहास नीट वाचावा असं मला कळकळीनं वाटतं. चाचांच्या कागदावरची ती प्रामाणिक वजाबाकी सरकारी शिक्क्याखाली जगली नसती.

मला त्या सहकाऱ्यांशी पुन्हा बोलायचंय. ते वाईट गृहस्थ नाहीत. माझ्या यजमानांच्या आजारपणात ते रात्र रात्र दवाखान्यात बसले होते. एका शब्दाचा आग्रह त्यांचा असेल, पण मान्य मी केला होता. पुढच्या खेपेला मी सुदानच्या ताहांपासून सुरुवात करीन, मग रझिक, मदनी, दलवाई. ही नावं आमच्या पिढीला शाळेत कुणी सांगितली नाहीत. वेळ लागेल, हे आधीच सांगीन.